रस्ता आला, माणसे गेली



पवनार ते पत्रादेवी असा एक महामार्ग सरकारने आखला आहे. त्याचे नाव शक्तिपीठ. २०२४ साली जाहीर झालेल्या आराखड्यात त्याची लांबी सुमारे ८०२ किलोमीटर धरली आहे. वर्ध्याच्या कापसाच्या रानातून निघून यवतमाळ, हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असे जिल्हे ओलांडत तो सिंधुदुर्गात उतरतो आणि गोव्याच्या हद्दीला भिडतो. एकूण १२ जिल्हे. आराखड्यात नंतर फेरफाराची भाषा सुरू झाली आहे आणि कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी विरोधाची शर्थ केली आहे. पण वर्ध्यापासून लातूरपर्यंतच्या बैठकांत मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते, "साहेब, रस्ता आला म्हणजे गाव सुधारते."

या रस्त्याच्या एका टोकाला आपण आहोत. दुसऱ्या टोकाला काय आहे ते पाहावे म्हणून मी आठ दिवस मालवणच्या किनारपट्टीत हिंडून आलो. जे मागण्यासाठी आपण मोर्चे काढतो ते सगळे त्या मुलखाला मिळून चुकले आहे. आधी बोट मिळाली, मग एस.टी., मग रेल्वे, मग चौपदरी रस्ता, शेवटी विमानतळसुद्धा. इतके सगळे मिळाल्यावर गावाचे काय होते, हे पाहायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

खाडीचा मुलूख

आपल्या बाजूच्या वाचकाला तो मुलूख आधी सांगायला हवा. आपले गाव म्हणजे एका जागी दाटून बसलेली घरे आणि भोवती शिवार. तिकडे गाव म्हणजे विखुरलेल्या वाड्या. दहा घरे इथे, पंधरा घरे टेकाडापलीकडे, वीस घरे खाडीच्या तोंडाशी. मालवणच्या उत्तरेला गड नदीची खाडी आहे. तिच्या आणि समुद्राच्या मध्ये वाळूची एक लांब जीभ आहे, तीवर तोंडवळी आणि तळाशील वसले आहे. दक्षिणेला कर्ली नदीची खाडी आहे. तिथे तशीच जीभ आहे, तीवर तारकर्ली आणि देवबाग. देवबागच्या टोकाला उभे राहिले की पलीकडचे भोगवे डोळ्यांना दिसते. होडीने गेलात तर पाण्याचा एक पट्टा. रस्त्याने जायचे तर खाडीच्या वरच्या अंगाला जाऊन पूल गाठायचा आणि पुन्हा खाली यायचे. आपल्याकडे अंतर कोसात मोजत. तिकडे अंतर भरती-ओहोटीवर ठरे.

अशा मुलखाची दळणवळणाची पहिली सोय समुद्रच होता. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटत आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्याकडे जात. बोट खोल पाण्यात थांबे आणि माणसे पडावातून किनाऱ्यावर येत. पावसाळ्याचे महिने सगळे बंद. या बोटींनी मुंबईला काय नेले? नारळ, सुकी मासळी, कोकम, आंब्याच्या पाट्या नेल्या, हे खरे. पण सगळ्यात मोठा माल होता माणूस. मुंबईच्या गिरण्यांचे साचे चालवायला रत्नागिरीचा गडी हवा होता. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता, १ मे १९८१ ला तो वेगळा जिल्हा झाला. गडी मुंबईला गेला, त्याची मनिऑर्डर गावी आली. तिच्यावर घर शाकारले गेले, लग्ने झाली, गणपती बसले. कोकणातली शेती तोट्याची होती हे या मनिऑर्डरीमुळे पन्नास-साठ वर्षे कोणाच्या लक्षातच आले नाही. भाताचा तोटा गिरणीचा पगार भरून काढत होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर आले आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. मनिऑर्डर आटली. आता माणसे गावाकडे परततील असे वाटले होते. काही परतलीही. पण त्यांच्या मुलांनी भाताचा हिशेब मांडला आणि ती पुन्हा मुंबईला, वसई-विरारला, ठाण्याला, गोव्याला गेली.

आकडे काय बोलतात

कोकण रेल्वेसाठी बॅरिस्टर नाथ पैंनी आणि मधु दंडवत्यांनी लोकसभेत वर्षानुवर्षे आवाज उठवला. १९९० साली महामंडळ स्थापन झाले. भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२ टक्के आणि उरलेले कर्नाटक, केरळ व गोव्याचे. ई. श्रीधरन यांच्या हाताखाली डोंगर फोडले गेले, दऱ्यांवर पूल चढले. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतची सुमारे ७४० किलोमीटरची वाट २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण झाली. देशातली पहिली गाडी १८५३ साली मुंबई-ठाण्याला धावली होती. त्याच मुंबईला लागून असलेल्या कोकणाने पुढे १४५ वर्षे वाट पाहिली. मालवणला आजही रूळ नाही. कुडाळ स्टेशनावर उतरून सुमारे ३० किलोमीटर जावे लागते.

आता शिरगणतीकडे पाहू. सिंधुदुर्गची लोकसंख्या १९९१ साली ८,३२,१५२ होती. २००१ साली ती ८,६८,८२५ झाली. म्हणजे रेल्वे येईपर्यंतच्या दशकात रडतखडत का होईना, चार टक्के वाढ. रेल्वे आल्यानंतरचे पहिले पूर्ण दशक २००१ ते २०११. त्या दशकाच्या शेवटी लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. १९,१७४ माणसे कमी. शेजारच्या रत्नागिरीत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९, म्हणजे ८१ हजारांवर घट. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र मात्र १६ टक्क्यांनी वाढला.

रेल्वेने माणसे पळवून नेली असे मी म्हणत नाही. ते शहाणपणाचे होणार नाही. जन्मदर घटला आहे, शिक्षण वाढले आहे, गिरण्या गेल्या आहेत. माणसे रेल्वे नसती तरी गेलीच असती, फक्त एस.टी.ने गेली असती. माझा मुद्दा उलटा आहे. ज्या गोष्टीने माणसे गावात टिकतील असे सगळे पुढारी सांगत होते, तिने ती टिकली नाहीत.

आणखी एक आकडा पाहा. २०११ साली राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ बाया होत्या. सिंधुदुर्गात १०३६ आणि रत्नागिरीत ११२२. हा कोकणी माणसाच्या पुरोगामीपणाचा पुरावा म्हणून भाषणांत सांगतात. त्यात पुरोगामीपण थोडे असेलही, पण मुख्य गोष्ट अशी की बाप्या मुंबईला आहे आणि बाई गावात आहे. शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि गणपतीची सोय हे सारे तिच्या अंगावर. मराठवाड्यातून उसाच्या तोडीला कोयता जातो, म्हणजे नवराबायकोची जोडी जाते. कोकणातून अर्धी जोडी जाते. फरक एवढाच.

उतार कोणत्या बाजूला

तळाशीलच्या वाटेवर एका थांब्यावर एक म्हातारी बसली होती. पाटीत सुकी मासळी आणि कोकमाची सोले. समोर नवा डांबरी रस्ता. मी म्हटले, आजी, रस्ता छान झाला. ती म्हणाली, "रस्तो झालो, पण चलतलो कोण?"

कृषी पदवीच्या चार वर्षांत मला हा प्रश्न कोणी शिकवला नाही. तिथे हेक्टरी उतारा शिकवला. उतारा वाढला की उत्पन्न वाढते आणि उत्पन्न वाढले की माणूस शेतात राहतो, असे ते गणित. संघटनेत आल्यावर कळले की दुसऱ्या पायरीवरच गणित फसते. उतारा वाढला आणि भाव पडला तर उत्पन्न वाढत नाही. रस्त्याचे तसेच आहे. रस्ता ही नळी आहे. नळीतून पाणी कोणत्या बाजूला वाहील हे नळी ठरवत नाही, उतार ठरवतो. जिकडे कष्टाला भाव, तिकडे माणूस. रस्ता चांगला झाला की तो अधिक वेगाने जातो, इतकेच.

मालवणच्या बाजूला हा उतार कसा तयार झाला? भाताची खाचरे गुंठ्यांची आणि सात-बाऱ्यावर नावे वीस-पंचवीस. त्यातली निम्मी मुंबईत. एक सही कमी पडली की कर्ज नाही, बांधबंदिस्ती नाही, विक्री नाही. भाताचा भाव सरकारने शहराच्या सोयीने दाबलेला. तेव्हा खाचर पडीक. पडीक खाचरात रान माजले, रानात डुक्कर आणि माकड आले, आणि शेजाऱ्याचे राखलेले खाचरही गेले.

१९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काजूच्या चांगल्या जाती दिल्या. ते काम खरोखर मोलाचे झाले आणि जिथे बाग नीट उभी राहिली तिथे घरात दिवा राहिला. पण आंब्याची पेटी रात्रीतून वाशीला जाते आणि भाव किती मिळाला हे पट्टी आल्यावर कळते. माल विकून झाल्यावर भाव कळणे हा अनुभव आपल्याला काही नवा नाही. राखणीला माणूस नाही म्हणून नेपाळी गुरखा ठेवायचा आणि त्याचा पगार काढण्यासाठी बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला द्यायची, हा तिथला रिवाज झाला आहे.

मासळीचीही तीच गत. बर्फ, शीतगृह आणि गाडी ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात. रापण ओढणारा किनाऱ्यावर उभा, आणि ज्याची उचल घेतली आहे तोच मासळी मोजून घेणार.

१९९९ साली कोकण रेल्वेने मालट्रक वाघिणीवर चढवून नेण्याची सोय काढली. कल्पना नामी. पण त्या गाड्या रायगडातल्या कोलाडला चढत आणि गोव्यातल्या वेर्ण्याला उतरत. मध्ये सबंध सिंधुदुर्ग जिल्हा. माल त्याच्या उशापायथ्यावरून जात होता. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे झाली तर घाटावरचा माल बंदराला लागेल, असे वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. ती अजून कागदावर आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्ली-देवबागला घराघरांत पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या, चार पैसे मिळू लागले. याला नाक मुरडण्याचे कारण नाही, स्वतःच्या हिमतीवर केलेला तो धंदा आहे. पण तो किनाऱ्याच्या पट्ट्यापुरता. दोन कोस आत गेलात की कुलूप लावलेली घरे सुरू होतात. ती गणपतीत उघडतात आणि विसर्जनानंतर बंद होतात.

आपली गोष्ट उलटी, पण फळ एकच

आता आपल्याकडे पाहा. कोकणाला रेल्वे १९९८ मध्ये मिळाली. नागपूरला ती १८६७ मध्येच आली. खामगावच्या कापूस बाजारासाठी फाटा टाकला, तो १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने उघडला. पुढे यवतमाळपर्यंत शकुंतला गेली. इतकी घाई का? अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता. त्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. कोकणातून माणूस हवा होता, म्हणून बोट. वऱ्हाडातून माल हवा होता, म्हणून आगगाडी. ज्याला जे लुटायचे तसा त्याने रस्ता बांधला. स्वातंत्र्यानंतर कापसावर १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली. रस्ते होते, ट्रक होते, शेजारी मध्य प्रदेशात चार पैसे जास्त भाव होता. पण हद्दीवर पोलीस उभे. आपलाच कापूस आपण रात्री चोरासारखा नेला. २००२ च्या सुमारास ती व्यवस्था मोडली, तोपर्यंत तीस वर्षे गेली होती.

कोकणात रस्ता नव्हता, माणसे गेली. आपल्याकडे रस्ता होता, पण मालाला मोकळीक नव्हती. आता आपलीही माणसे चालली आहेत. २००१ ते २०११ या दशकात वर्धा जिल्हा १२,३६,७३६ वरून १३,००,७७४ वर गेला, म्हणजे जेमतेम ५ टक्के. अमरावती आणि अकोला ११ टक्क्यांच्या आसपास. राज्य १६. यातून शहरे वजा करा आणि आपापल्या गावच्या आळी नजरेसमोर आणा. दहा वर्षांत किती वाड्यांना कुलूप लागले? सिंधुदुर्ग आपल्यापुढे वीस वर्षे चालतो आहे, वाट तीच आहे.

डोकी मोजून रस्ता

माणसे गेल्यावर काय होते, तेही तिथेच पाहायला मिळाले. सरकारचे बहुतेक हिशेब डोक्यांवर चालतात. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली निघाली. सपाट प्रदेशातल्या वस्तीला रस्ता हवा तर ५०० लोकसंख्या हवी. २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही तोच निकष, आणि आकडे २०११ चे. खाडीकाठच्या वीस घरांच्या वाडीत ५०० माणसे आणायची कुठून? वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतींना वाटताना सर्वांत जास्त वजन लोकसंख्येला. शाळेचा पट कमी झाला की शाळेवर गदा. २०१७ साली राज्यात कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा पहिली झळ अशा विखुरलेल्या वस्त्यांनाच होती. प्रवासी कमी म्हणून मुक्कामी गाडी बंद. गाडी बंद म्हणून पोरगी शाळेला तालुक्याच्या गावी ठेवायची. पोरीबरोबर आई जाणार. आई गेली की घराला कुलूप. असा हा रहाट आहे.

आणि शेवटी मत. २००८ च्या फेररचनेत सिंधुदुर्गच्या विधानसभेच्या ४ जागांच्या ३ झाल्या. मालवणचा मतदारसंघच नकाशावरून गेला. रत्नागिरीच्या ७ च्या ५ झाल्या. ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या. मालवणचा माणूस ठाण्याला गेला, त्याच्यामागोमाग त्याची आमदारकीही गेली. आपण हसू नये. त्याच फेररचनेत विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या. २०२१ ची शिरगणती वेळेवर झाली नाही. जून २०२५ च्या अधिसूचनेने तिची तारीख १ मार्च २०२७ ठरवली. २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीवर मतदारसंघ पुन्हा आखायचे आहेत. कापसाच्या प्रश्नावर विधानसभेत आज जे चार आवाज उठतात, ते उद्या तीन होतील.

माणसाने जाऊ नये काय?

कोणी म्हणेल, माणसे गेली तर बिघडले काय? जगभर शेतीतली माणसे कमीच झाली आहेत. हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. शेतकऱ्याच्या पोराने जन्मभर ढेकळातच राहावे असे संघटनेने कधी म्हटलेले नाही. त्याने डॉक्टर व्हावे, कारखाना काढावा, दुबईला जावे. खुशीने जाणाऱ्याला आडवे जाण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण घामाचे दाम मिळत नाही म्हणून जो जातो, तो जात नाही, त्याला हाकलले जाते. अशा माणसाला शहरात झोपडपट्टी आणि गावात कुलूप, दोन्हीकडे तोटा. जे मागे राहिले त्यांची शेती वाढली, यंत्रे आली, उत्पन्न वाढले असे झाले असते तर मीच म्हटले असते की चांगले झाले. मालवणच्या बाजूला तसे झालेले नाही. माणसे कमी झाली, जमीन पडीक झाली आणि आता तीच जमीन बाहेरचा पैसेवाला उचलतो आहे.

मग मागायचे काय?

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटरचा, ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाण्याच्या शेतांतून तो जातो. त्यावर बंडी चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही, मोटारसायकलही चालत नाही. ज्याच्या रानातून रस्ता गेला त्याला स्वतःच्याच शिवारात जायला खालचे भुयार शोधावे लागते. आणि त्याच शेतकऱ्याच्या पांदण रस्त्यात श्रावणात बैल पोटापर्यंत रुततो, वेचलेला कापूस डोक्यावर आणावा लागतो. २०२१ साली मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना निघाली. आपापल्या गावात तिचे किती मीटर झाले ते प्रत्येकाने मोजून यावे.

म्हणून येत्या जिल्हा बैठकांत रस्त्याची मागणी सरधोपट करू नये. रस्त्याला आपला विरोध नाही. पण प्रत्येक रस्त्याला तीन प्रश्न विचारावेत. याच्यावर माझी बंडी, माझा ट्रॅक्टर चढेल काय? याच्यावरून माझा माल मला हव्या त्या बाजारात, कोणत्याही बंदीशिवाय जाईल काय? आणि याच्यासाठी माझी जमीन घ्यायची तर माझ्या संमतीने आणि माझ्या भावाने घेणार काय? तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर तो रस्ता आपल्या गावावरून जातो, आपल्या गावाला येत नाही.

ठरावात पुढील गोष्टी याव्यात, अशी माझी सूचना आहे. पहिली, महामार्गाआधी पांदण रस्ता, आणि खाडीच्या मुलखात महामार्गाआधी वाड्या जोडणारा पूल. दुसरी, रस्ता, शाळा आणि एस.टी. यांचा निकष डोक्यांवर न ठेवता अंतरावर ठेवावा. जिथे माणसे कमी तिथे अंतर जास्त, आणि गरजही जास्त. तिसरी, निर्यातबंदी, साठ्यावरची मर्यादा आणि भाव पाडण्यासाठी केलेली आयात या तिन्ही गोष्टी म्हणजे रस्त्यावर टाकलेले दगडच आहेत, ते उचलावेत. चौथी, कोकणातल्या शेतकऱ्यांबरोबर या प्रश्नावर एकत्र बैठक व्हावी. कापूस आणि आंबा यांचे भांडण नाही. एकाच रस्त्याची ती दोन टोके आहेत.

त्या म्हातारीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. तिची गाडी आली, ती पाटी घेऊन चढली. गाडीत तिच्याखेरीज चारपाच माणसे होती. आपल्या गावच्या थांब्यावर पुढच्या वीस वर्षांनी गाडीत किती माणसे असतील, हे आपण या बैठकीत काय मागतो त्यावर ठरणार आहे.